फूड ट्रक : आधी गाडी की आधी जागा?

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो, मिस्टर कंपनीत आहेत, मी घरीच असते. सेकंडहँड छोटा हत्ती घेऊन मिसळची गाडी काढायचा विचार चाललाय, संध्याकाळी कॉलेज रोडला उभी करू म्हणतोय. फॅब्रिकेशनवाला म्हणतो फूड लायसन्स काढलं की झालं. खरंय का? आणि घरचा सिलेंडर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो ताई, आणि त्याला अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर प्लीज जरा थांबा. फूड लायसन्स हेच यातलं सगळ्यात सोपं काम आहे. फॉस्कॉस या सरकारच्या अन्न परवान्याच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, 2011 च्या नियमांत वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असेल तर नुसतं रजिस्ट्रेशन ठेवलं होतं, फी वर्षाला 100 रुपये होती, तरी भरण्याआधी पोर्टलवरच आपली पात्रता तपासून घ्या. जो 14 आकडी नंबर मिळेल तो गाडीवर दिसेल असा लावा.

खरी गोची जागेची आहे. रस्त्यावर उभं राहायचं तर 2014 चा पथविक्रेता कायदा लागतो, म्हणजे महापालिकेच्या नगर पथविक्रेता समितीकडून प्रमाणपत्र, आणि ते सुद्धा ठरलेल्या फेरीवाला क्षेत्रासाठी. त्यात लिहून द्यावं लागतं की मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, धंदा मी स्वतः किंवा घरचा माणूस करेल आणि प्रमाणपत्र भाड्याने देणार नाही. त्यामुळे मिस्टरांच्या नावाने अर्ज करूच नका, तुमच्या नावाने करा. पालिकेचा फेरीवाल्यांचा सर्व्हे होऊन गेला असला तरी दोन सर्व्हेंच्या मधेही नवीन माणसाला अर्ज करता येतो, पण वेळ लागू शकतो, म्हणून आधी पालिकेत जाऊन विचारा की तुमच्या मनातला स्पॉट ना-फेरीवाला क्षेत्रात तर नाही ना. एवढा खटाटोप कशाला असं वाटेल, पण हा कागद हातात असला की माल उचलला तरी त्याची यादी द्यावी लागते आणि फी भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यावा लागतो. कागद नसेल तर सरळ अतिक्रमण, आणि कटाचं पातेलं गाडीसकट गेलं की त्या दिवसाचा धंदा संपला.

दुसरा मार्ग म्हणजे खासगी जागा, एखाद्या कॉम्प्लेक्सचं किंवा मंगल कार्यालयाचं आवार वगैरे. मालकाशी लेखी करार करा, तोंडी अजिबात नको. पालिकेचा व्यवसाय परवाना तिथेही विचारून घ्या. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाडी. मालवाहू गाडीवर किचन बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बदल धरला जातो, आरटीओची मंजुरी आधी आणि आरसीवर नोंद नंतर. फिटनेस, पीयूसी चालू ठेवा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी रडायची पाळी येते. शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर मोजकेच कामगार असतील तर 2017 च्या कायद्यात फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. जीएसटी 20 लाखांच्या आत लागत नाही.

सिलेंडर घरचा अजिबात नाही! 14.2 किलोचा सबसिडीचा असो-नसो, धंद्याला वापरणं बेकायदा आहे. 19 किलोचं कमर्शियल कनेक्शन घ्या, गाडीत एका वेळी लागतील तेवढेच सिलेंडर ठेवा, उभे आणि बांधून, आयएसआय नळी लावा, आणि अग्निशामक सिलेंडर शेगडीच्या मागे नको, दाराजवळ हवा, म्हणजे आग लागली तर हात पोचेल.