टोमेकचा सिनेमा : गोष्ट एक, शेवट दोन

प्रश्न : गावच्या वाचनालयात आम्ही महिन्यातून एकदा भिंतीवर सिनेमा दाखवतो. या खेपेला पोलिश दिग्दर्शक किस्लोव्हस्कीचा ‘अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह’ लावला. पण वाचलेला शेवट आलाच नाही. आम्ही केलेली मराठी सबटायटल्स सुरुवातीला जुळली, शेवटी मात्र दोन मिनिटं पुढे पळाली. चुकलं कुठे?
— एक वाचक, दारव्हा तालुका (जि. यवतमाळ)

उत्तर : फाइल तासाभरात संपत असेल, तर तुम्ही ‘डेकॅलॉग’ या पोलिश टीव्ही मालिकेचा सहावा भाग दाखवलात. कलाकार तेच, गोष्टही तीच : पोस्टात काम करणारा टोमेक समोरच्या इमारतीतल्या मागदाच्या घरात दुर्बिणीतून डोकावत असतो. १९८८ चा मोठा सिनेमा जवळपास दीड तासाचा आहे. छोट्या भागाच्या शेवटी टोमेक पोस्टाच्या काचेमागून मागदाला सांगतो, की तो आता तिच्या घरात डोकावत नाही. मोठ्यात मागदा त्याच्याच दुर्बिणीला डोळा लावते आणि तिला आपलंच घर दिसतं : सांडलेल्या दुधाशेजारी रडणारी ती, आणि जवळ येणारा तो. दाखवायचा तर मोठाच दाखवा. पाहणाऱ्याची जागा बदलते, ती तिथेच.

१९ वर्षांचा टोमेक तिला पोस्टात आणायला मनीऑर्डरच्या खोट्या चिठ्ठ्या टाकतो, तिची पत्रं पळवतो, तिचा मित्र घरी आला की गॅसगळतीची खोटी तक्रार करतो. मनीऑर्डरची वाट पाहिलेल्या आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना ती चिठ्ठी लगेच कळेल. पोरं मात्र सुरुवातीला हसतील. म्हणून हा पाठलाग आहे आणि बाईला त्याचा त्रास होतो, हे आधीच स्पष्ट सांगा. शरीरसंबंधाचं आणि मनगट कापण्याचं दृश्य आहे. लहान मुलांना बसवू नका.

सबटायटल्सचा घोळ फ्रेमच्या, म्हणजे सिनेमातल्या एकेका चित्राच्या, वेगाचा आहे. ती सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीवरून बेतलेली आणि तुमची सिनेमाची फाइल २३.९७६ ची, म्हणजे तासाला अडीच मिनिटांचा फरक. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी-एच या कळा दाबून सगळ्या ओळी सारख्याच सरकतात. सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज फ्रेम रेट’ घ्या, २५ वरून २३.९७६ करा. जतन करताना यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. मोठ्या सिनेमाला मात्र ही सबटायटल्सची फाइल चालणार नाही, प्रसंगच जास्त आहेत. नवी मिळाली की नोटपॅडमध्ये उघडून शेवटच्या ओळीची वेळ पाहा : सत्तावन्नाव्या मिनिटाच्या आसपास संपत असेल तर ती छोट्या भागाचीच.