१५ महिन्यांचा कोर्स आणि ४ वर्षांचा मुलगा

«नमस्कार ताई, मी डॅलसजवळ राहते. कोल्हापूरला बी.कॉम. केलं, लग्नाआधी ४ वर्षं पतसंस्थेत नोकरी केली. आता ३६ वर्षांची आहे. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर आहे. मी त्याच्यामागून मिळालेल्या एच-४ व्हिसावर आहे, माझ्याकडे ईएडी, म्हणजे नोकरी करायचा परवाना आहे. त्याच्या कंपनीत गेल्या वर्षी दोनदा ले-ऑफ झाले. त्याचं नाव नव्हतं, पण तेव्हापासून घरात कोणाला नीट झोप नाही. मला नर्सिंग करायचंय. आधीची डिग्री असलेल्यांसाठी १५ महिन्यांचा कोर्स असतो म्हणे. नवरा म्हणतो, कंबर कसून एकदाचं उरकून टाक. सासूबाई म्हणतात, परक्यांची आजारपणं काढायला गेलीस का एवढ्या लांब? आई म्हणते, मी येते सहा महिने. कोणाचं ऐकू?»

नवऱ्याचा हिशेब चुकतोय, तेवढं आधी सांगते. १५ महिने हा आकडा खोटा नाही. या ॲक्सिलरेटेड बीएसएनचे, म्हणजे नर्सिंगच्या जलद बॅचलर्सचे कोर्स साधारण ११ ते १८ महिन्यांचे असतात. पण तो दाराच्या आतला आकडा आहे. दारापर्यंत पोचायला काय लागतं ते जाहिरातीत बारीक अक्षरात असतं.

ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, दोन्हींना लॅब. मायक्रोबायॉलॉजी, तिलाही लॅब. बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, न्यूट्रिशन आणि डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी. बी.कॉम.मध्ये यातलं स्टॅटिस्टिक्स काय ते असेल, तेही चालेल का ते विचारावं लागेल. पहिला भाग झाल्याशिवाय दुसऱ्याला बसू देत नाहीत. म्हणजे रोज कॉलेजला गेलीस तरी एक वर्ष, आणि ४ वर्षांचं पोर सांभाळून दीड-दोन. माझं तर सांगलीचं बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी होतं, तरी अडतिसाव्या वर्षी पुन्हा पेट्री डिश घेऊन बसले, कारण बऱ्याच कॉलेजांना विज्ञानाचे विषय ५ किंवा ७ वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. शेजारी बसलेला १९ वर्षांचा मुलगा मला 'मॅम' म्हणायचा. जंतू रंगवून ओळखायचं ग्रॅम स्टेन मात्र माझ्याकडून शिकला.

दुसरा खड्डा आपल्या डिग्रीचा. आपलं बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांचं, इथली बॅचलर्स चार वर्षांची. काही विद्यापीठं आपली तीन वर्षं पूर्ण पदवी म्हणून धरतात, काही धरत नाहीत. मी ज्या विद्यापीठात अर्ज केला, तिथल्या बाईंनी फोनवर 'काही अडचण नाही' म्हणून सांगितलं होतं. सगळे विषय करून, प्रवेश परीक्षा देऊन, अर्ज भरल्यावर पत्र आलं की तुमची पदवी आमच्या पदवीच्या तोडीची नाही, सबब द्वितीय पदवीच्या कोर्सला तुम्ही पात्र नाही. सव्वा वर्ष त्या एका फोनच्या भरवशावर काढलं होतं. म्हणून पहिला खर्च करायचा तो आपल्या पदवीच्या मूल्यांकनाचा. डब्ल्यूईएस किंवा ईसीई यांच्यासारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घे. त्याआधी ज्या कॉलेजात जायचंय तिथे कोणाचं मूल्यांकन चालतं आणि तीन वर्षांची पदवी चालते का, हे दोन्ही ईमेलवर विचार. फोनवर नको.

मग मी काय केलं? कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांची असोसिएट डिग्री. त्यानेही एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची तीच परीक्षा देता येते, परवाना तोच, नावापुढे आरएन (रजिस्टर्ड नर्स) तेच. आता मला कोणी विचारलं तर मी आधी हाच रस्ता सांगते, आणि तुला तर ठासून सांगते. फी बरीच कमी. पूर्वतयारीचे विषय एकेक करून घेता येतात, संध्याकाळचे किंवा शनिवारचे वर्ग मिळतात. नर्सिंगची सत्रं सुरू झाली की तिथेही दम निघतो, पण चार सत्रांमध्ये ओझं पसरतं आणि पुष्कळ ठिकाणी मधे उन्हाळा मोकळा मिळतो. जलद कोर्सवाले उघड सांगतात की या काळात नोकरी करू नका. मूल सांभाळू नका असं लिहीत नाहीत, एवढंच.

या रस्त्याची खोटही ऐक. मोठी हॉस्पिटलं बीएसएनवाल्यांना आधी घेतात. न्यू यॉर्कमध्ये तर कायदाच आहे, परवाना मिळाल्यापासून १० वर्षांत बीएसएन पूर्ण करायचं. पण ती डिग्री नोकरी करता करता ऑनलाइन होते, आणि अनेक हॉस्पिटलं त्यासाठी मदत करतात. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर तुला कर लागत नाही. माझं बीएसएन मी रात्रपाळीच्या सुट्ट्यांमध्ये केलं, निम्मं हॉस्पिटलच्या पैशाने. कॉलेज कुठलंही घे, राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि एसीईएन किंवा सीसीएनई या संस्थेचं ॲक्रेडिटेशन आहे ना ते पाहा, नाहीतर पुढच्या डिग्रीला घोडं अडतं.

आता ज्या कारणासाठी तू हे करायला निघालीस त्याकडे येते. ले-ऑफची भीती. नर्सची नोकरी टिकाऊ आहे आणि पगारही बरा आहे. इथल्या श्रमखात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांत नर्सचा मध्यक वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. पण अगं, तुझं ईएडी नवऱ्याच्या एच-१बीला, त्याच्या नोकरीच्या व्हिसाला टांगलेलं आहे. त्याची नोकरी गेली की साधारण ६० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात त्याला दुसरी मिळाली नाही तर त्याच्या स्टेटसबरोबर तुझंही जातं, मग तुझ्या हातात आरएनचा परवाना असो नाहीतर नसो. वॉर्डातल्या साध्या आरएनच्या जागेसाठी एच-१बी मिळणं कठीण, कारण त्या जागेला चार वर्षांची पदवी सक्तीची नाही. नर्सेस 'शेड्यूल ए' या टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत येतात, त्यामुळे हॉस्पिटलने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला तर एक मोठी पायरी वाचते हे खरं. पण पुढे भारतीयांची ईबी-३ या ग्रीन कार्डाच्या गटाची रांग आहेच, आणि त्या रांगेत तुझी तारीख तुझी स्वतःची, नवी. म्हणजे ग्रीन कार्ड येईपर्यंत हे शिक्षण ले-ऑफवरचा विमा होत नाही. आल्यावर होईल, आणि चांगला होईल.

हे वाचून तुझा उत्साह जरा उतरला असेल. उतरू दे. उरेल तेवढ्यावर ठरव. आणि म्हणूनच मला ती १५ महिन्यांची घाई पटत नाही. एवढी मोठी फी एका दमात भरायची (एच-४ वर सरकारी शैक्षणिक कर्ज नाही, पेल ग्रँट हे सरकारी अनुदानही नाही), ते १५ महिने काही कमवायचं नाही, आणि मधेच नवऱ्याच्या कंपनीचं तिसरं ईमेल आलं तर? एकेक विषय करत गेलीस तर केव्हाही थांबता येतं, आणि त्या विषयांचे क्रेडिट तुझेच राहतात. शिकण्यापुरतं एच-४ पुरतं, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. परवान्याच्या वेळी तुमचं राज्य कुठली कागदपत्रं मागतं, सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का, तेही आत्ताच बोर्डाच्या साइटवर वाचून ठेव.

यातलं काहीही करण्याआधी मात्र सीएनए कर. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. देशभराच्या नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त, तरी काही आठवड्यांचं काम. ईएडी आहे तर मग एखाद्या नर्सिंग होममध्ये आठवड्याला दोन पाळ्या करून बघ. माझी पहिली पाळी आठवते. ८८ वर्षांचे आजोबा, रात्रीत अंथरूण भरलेलं, आणि ते सारखे 'सॉरी, सॉरी' म्हणत होते. मी तोंडाने श्वास घेत होते आणि माझ्याबरोबरची हैतीची बाई त्यांच्याशी बेसबॉलवर गप्पा मारत चादर बदलत होती. तिचे हात एकदाही थांबले नाहीत. दुपारी घरी येऊन मी अंघोळ केली आणि अंगणात नुसती बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तेव्हा मला कळलं की जमेल. तुला नाही वाटलं, तर काहीशे डॉलरमध्ये सुटलीस.

सासूबाईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या सासूबाई याहून रोखठोक बोलल्या होत्या, ते इथे छापण्यासारखं नाही. हे आजचं नाही. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तरुण विधवांना नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं, तेव्हाही चांगल्या घरच्या बायकांनी हे काम करावं का म्हणून गावभर चर्चा झाली होती. पुढे माझ्या सासऱ्यांच्या बायपासनंतर जखमेचं ड्रेसिंग बरोबर आहे की नाही हे व्हिडिओ कॉलवर मलाच दाखवलं गेलं. माफीबिफी कोणी मागितली नाही. 'सूनबाईंना विचारा' एवढंच सुरू झालं.

आईचं काय, तर येऊ दे, पण तिच्यावर वेळापत्रक बांधू नकोस. पर्यटक व्हिसावर एका खेपेला सहसा सहा महिने मिळतात, आणि तुझं शिक्षण त्याच्या कितीतरी पट लांब. तिला गाडी येत नसणार. डिसेंबरात घरात कोंडलेली आई आणि तापाने फणफणलेला नातू, यात मायलेकींची भांडणं होतात. झाली आहेत, म्हणून सांगते.

खरा प्रश्न पहाटेचा आहे. क्लिनिकल म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष शिक्षण, आणि ते १२ तासांचं असू शकतं. आम्हाला ६:४५ ला वॉर्डात उभं राहावं लागायचं, गणवेश इस्त्रीचा, नखं कापलेली, काकणं काढलेली. आमच्या डे-केअरचं दार उघडायचं ६:३० ला आणि हॉस्पिटल ३५ मिनिटांवर. हे गणित माझ्या नवऱ्यानेच सोडवायचं होतं. त्याने सोडवलंही, पण पहिल्या सत्रात नाही. पहिल्या सत्रात तो 'मी घरूनच काम करतो, बघतो मी' म्हणायचा. म्हणजे पोरगं टीव्हीसमोर, आणि हा भारतातल्या टीमबरोबर कॉलवर. तेव्हा तुझ्या नवऱ्याशी 'मदत करशील ना' असं बोलू नकोस. दोन वार पूर्ण त्याचे, डबा, शाळा, सर्दी-ताप, शाळेतून येणारा फोन सकट, असं बोल. आणि ते कोर्सच्या आधी चार महिने सुरू कर. त्या दोन दिवशी ॲनाटॉमीचा वर्ग घे. मुलीला डब्यात सलग तीन वेळा चीज सँडविच मिळालं तरी मधे पडू नकोस. आणि हो, मंडळाचा गणपती इथे शनिवारीच असतो, आणि क्लिनिकलही. दोन वर्षं मी मोदक फ्रीजमधलेच खाल्ले.

अभ्यासाबद्दल एकच. आपण 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' वर वाढलो. इथे चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारतात, चारपैकी कुठल्या रुग्णाकडे आधी जाल? पाठांतर करून मी पहिल्या परीक्षेत ७१ आणले. घरी पेढे वाटले असते, पण आमच्या कॉलेजात उत्तीर्णतेची रेघ ७७ ला होती आणि ७६.९ चे ७७ करत नव्हते. प्रश्नांचा सराव पहिल्या आठवड्यापासून कर. शेवटची एनक्लेक्सही तशीच असते. आता ८५ ते १५० प्रश्न आणि ५ तास, तुझ्या उत्तरांप्रमाणे प्रश्न अवघड-सोपे होत जातात आणि मशीन मधेच बंद पडल्यासारखं थांबतं. माझ्या वेळी २०१८ मध्ये ७५ पासून २६५ पर्यंत कितीही येत. माझं ७५ ला थांबलं आणि मी गाडीत बसून नापास झाले म्हणून रडले. पास होते.

लसींचं आत्ताच बघ, कारण इथे आपली मंडळी हमखास अडकतात. क्लिनिकलआधी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात, फ्लू या सगळ्यांचा पुरावा लागतो. लहानपणीचं कार्ड कोणाकडे असतं? रक्तातले टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासून घे, लहानपणी कांजिण्या आल्या असतील तर त्यात दिसतं. हिपॅटायटिस बी चे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, शेवटच्या महिन्यात धावपळ करून उपयोग नाही. आणि टीबीची त्वचेवरची टेस्ट घ्यायला सांगितली तर दंडावरचा बीसीजीचा वण दाखव आणि रक्ताची टेस्ट मागून घे. बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताच्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही. माझा हात पुरीसारखा फुगला आणि छातीच्या एक्स-रेपर्यंत दोन आठवडे गेले.

उन्हाळ्यात कोल्हापूरला जाणार असशील, तर गुणपत्रिकांचं काम तिथे बसून कर. मूल्यांकनवाल्यांना त्या विद्यापीठाकडून परस्पर लागतात, सीलबंद किंवा ऑनलाइन, तू स्कॅन करून पाठवलेल्या चालत नाहीत. जाताना विवाह नोंदणीचा दाखलाही काढून घे, इंग्रजीतला. आपल्या मार्कशीटवर आडनाव माहेरचं आणि मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर आडनाव सासरचं आणि मधलं नाव नवऱ्याचं. इथल्या बाईंनी मला विचारलं होतं की या दोन वेगळ्या बायका आहेत का.