ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड व्हिसा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ऑस्ट्रेलियात कुशल मनुष्यबळ म्हणून कायमचे जायचे तर व्हिसाच्या अर्जाआधी आपल्या व्यवसायाची स्किल असेसमेंट, म्हणजे शिक्षण आणि अनुभवाची तपासणी, पार करावी लागते. अनुभवासारख्या बाबींना गुण असतात आणि त्या गुणांवर व्हिसासाठी निमंत्रण येते. आयटीवाल्यांची असेसमेंट ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, म्हणजे एसीएस, करते. इंजिनिअरांची इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते, तर आयटीआयच्या बहुतेक ट्रेडचे काम ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलियाकडे असते. या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत.

प्रश्न: कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केले असून एकाच कंपनीत ८ वर्षे झाली. एचआर फक्त पद आणि तारखांचे पत्र देते, कामाचा तपशील लिहीत नाही. काय करू? ८ वर्षांचे १५ गुण मिळतील ना? (हिंजवडी, पुणे)

आधी पत्राचे बघू. असेसर पदाच्या नावावर जात नाही. 'सीनियर असोसिएट' एका कंपनीत कोड लिहितो, दुसरीत बिलिंग पाहतो. त्यामुळे लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख, नोकरी चालू आहे का, पूर्णवेळ आहे का, काम कोणत्या देशातून केले आणि प्रत्यक्ष काय केले, हे सगळे यायला हवे. मध्ये ऑनसाइट, म्हणजे क्लायंटच्या देशात, गेला असाल तर त्या तारखा वेगळ्या दाखवा. 'क्लायंट प्रोजेक्टवर उत्तम काम केले' या वाक्यातून असेसरच्या हाती काही लागत नाही. 'पेमेंट मॉड्यूलची रचना केली, जावात कोड लिहिला, डेटाबेसच्या क्वेरी सुधारल्या, ज्युनिअरचा कोड तपासला' असे लिहिले की त्याला काम दिसते.

एचआर हे देत नसेल तर तुमचे काम जवळून पाहिलेल्या सीनियरचे किंवा सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र चालते. ते स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर करा. त्याचे स्वतःचे पद, तुमचे त्याच्याशी कामाचे नाते आणि किती काळ बरोबर काम केले, हे त्यात आलेच पाहिजे. स्वतःच स्वतःबद्दल केलेले प्रतिज्ञापत्र चालत नाही. सोबत एचआरचे पत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट आणि पीएफचे पासबुक जोडा.

घोळ होतो तो बहुतेक दोन ठिकाणी. प्रतिज्ञापत्रातली तारीख आणि एचआरच्या पत्रातली तारीख यांत आठ-दहा दिवसांचा फरक पडतो आणि खुलासे सुरू होतात. दुसरे म्हणजे व्यवसायाच्या सरकारी व्याख्येतली वाक्ये जशीच्या तशी उचललेली असतात. एकाच टीममधल्या चौघांची पत्रे शब्दशः सारखी निघाली तर संशय येणारच. आणि हे पत्र आजच मागा. आजचा टीम लीड उद्या नोकरी सोडून गेला की सही करायला माणूस शोधत फिरावे लागते.

आता गुण. १५ धरून चालू नका. एसीएस सुरुवातीचा काळ 'कुशल होण्यात गेला' असे मानून वजा करते. आयटीची पदवी कामाशी नीट जुळणारी असेल तर साधारण २ वर्षे जातात. ८ मधून ६ उरली. परदेशातल्या अनुभवाला ३ वर्षांपासून ५, ५ वर्षांपासून १० आणि ८ वर्षांपासून १५ गुण आहेत. म्हणजे तुमचे १०. एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्टमध्ये, म्हणजे व्हिसाच्या अर्जाआधी भरायच्या इच्छापत्रात, १५ भरून निमंत्रण आले, तरी पुढे तपासणीत गुण कमी निघाले की व्हिसा नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न: मेकॅनिकल इंजिनिअर असून फाउंड्रीत आहे. भारत वॉशिंग्टन अकॉर्डमध्ये (इंजिनिअरिंग पदव्या परस्पर मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) असताना सीडीआर (स्वतःच्या इंजिनिअरिंग कामाचा अहवाल) कशाला मागतात? तयार सीडीआर विकत मिळतो, तो घेऊ का? (शिरोली, कोल्हापूर)

घेऊ नका. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया मजकूर सॉफ्टवेअरमधून तपासते. उचलेगिरी सापडली तर अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा अर्ज करण्यावरही बंदी येते.

भारत २०१४ पासून अकॉर्डचा कायम सदस्य आहे हे खरे. पण त्याचा लाभ एनबीएच्या (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) टियर-१ मान्यतेच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो, आणि तुम्ही उत्तीर्ण झालात तेव्हा ती मान्यता लागू असायला हवी. विद्यापीठाशी संलग्न असलेली, स्वायत्त नसलेली महाविद्यालये टियर-२ मध्ये येतात. त्यांच्या विद्यार्थ्यांना सीडीआरच करावा लागतो.

त्यात तीन करिअर एपिसोड, म्हणजे तुम्ही केलेल्या एकेका कामाची वर्णने, असतात, प्रत्येक १,००० ते २,५०० शब्दांचा. परिच्छेदांना १.१, १.२ असे क्रमांक द्या, कारण समरी स्टेटमेंट या शेवटच्या तक्त्यात प्रोफेशनल इंजिनिअरच्या १६ निकषांपुढे हेच क्रमांक लिहायचे असतात. 'आम्ही रिजेक्शन कमी केले' या 'आम्ही'वर गाडी अडते. 'कास्टिंगच्या जाड भागात श्रिंकेज येत होते. मी सॉलिडिफिकेशन सिम्युलेशन चालवले, रायझरचा व्यास आणि जागा बदलली, ट्रायलचे तुकडे कापून तपासले' असे लिहा. तुमचा निर्णय, त्यामागचे गणित आणि फसलेला पहिला प्रयत्नसुद्धा येऊ द्या. तो लपवला की एपिसोड पाठ्यपुस्तकासारखा दिसतो.

प्रश्न: आयटीआय वीजतंत्री आहे, तारतंत्री परवाना आहे. असेसमेंट झाली की तिथे लगेच काम करता येईल? (रत्नागिरी)

नाही. वीजतंत्र्याला तिथे राज्याचा परवाना लागतो. इथली असेसमेंट पार केल्यावर ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड, म्हणजे कौशल्य तपासल्याची नोंद, मिळते. त्यावर तात्पुरता परवाना घेऊन देखरेखीखाली काम आणि तिथल्या नियमांचे प्रशिक्षण पुरे करायचे, मग पूर्ण परवाना. सुरुवातीचा हा काळ धरूनच पैशांचे गणित मांडा.

कागदपत्रांत आयटीआयचे प्रमाणपत्र, अप्रेंटिसशिप आणि पगाराचे पुरावे लागतात. रोखीने पगार घेतलेली वर्षे सिद्ध करणे फार अवघड जाते. तांत्रिक मुलाखतीत सुरक्षिततेवर भर असतो. लाइन मृत आहे हे कसे तपासाल, असे विचारले तर 'टेस्टर लावून' एवढे पुरत नाही. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद केलेल्या लाइनवर लावायचा, आणि पुन्हा चालू लाइनवर लावून तो मध्येच बिघडला नाही ना हे पाहायचे. त्याआधी लॉक आणि टॅग, म्हणजे बंद केलेल्या स्विचला कुलूप आणि सूचनेची पट्टी. हे हातात बसलेले असले तरी इंग्रजीत सलग सांगायचा सराव करा.

प्रश्न: मुख्य अर्ज नवऱ्याचा आहे. माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. लग्नात पहिले नावही बदलले. माझे गुण मिळतील? (नाशिक)

मिळू शकतात, पण त्यासाठी तुमची स्वतंत्र असेसमेंट लागते. वय ४५ च्या आत, इंग्रजी 'कॉम्पिटंट' पातळीचे आणि तुमचा व्यवसाय लागू यादीत असेल तर नवऱ्याच्या खात्यात १० गुण येतात. नावासाठी नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्र जोडा. पहिले नाव बदलले असल्याने राजपत्रातली प्रसिद्धीही जोडा, कारण विवाह प्रमाणपत्रात नवे नाव नसेल तर साखळी तुटते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असते, तेही एका ओळीत समजावून सांगा. मराठीतल्या कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. आणि निकाल हातात आल्याशिवाय हे १० गुण भरू नका. असेसमेंटची तारीख निमंत्रणाच्या आधीची असावी लागते.