दाढी का वाढवलीत?

ताई,
मी 46 वर्षांचा, चांगल्या हुद्द्यावर आहे. रोज रात्री नऊनंतर दोन, फार तर तीन पेग घेतो, अकराला जेवून झोपतो. सकाळी थेंबही नाही. दारूपायी एक रजा पडलेली नाही, कुणावर हात उगारलेला नाही. गेल्या महिन्यात लिव्हर तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. तरी बायको मला दारुडा म्हणते आणि मुलगी तिचीच री ओढते. कामाच्या ताणाने दुपारनंतर चिडचिड होते, मग माणसाने मोकळं कुठे व्हायचं? घराचं सगळं मीच बघतो. स्वतःकडे बघायला वेळ नाही, घाईत रोज गाल कापायचा म्हणून हल्ली दाढीही वाढवली आहे. आता बायकोशी पैज लावली आहे. एक तारखेपासून पंधरा दिवस पूर्ण बंद. ते जमलं की तिने हा विषय कायमचा सोडायचा. व्यसनी माणसाला हे जमलं असतं का? तिला कसं समजावू, ते सांगा.

तिला कसं समजवायचं ते मी सांगणार नाही. मला तुमच्या दाढीबद्दल बोलायचं आहे.

रजा, रिपोर्ट, घरखर्च, पैज हे सगळं तुम्ही मला पटावं म्हणून नीट मांडलं आहे. दाढीचं वाक्य मात्र ओघात येऊन गेलं, म्हणूनच मी तिथे थांबले. पंचवीसेक वर्षं दाढी करणाऱ्या माणसाला घाई नवीन नसते. तो अचानक रोज गाल कापून घ्यायला लागला, तर मी आधी त्याच्या हाताकडे बघेन. तुम्ही थरथर हा शब्द कुठेही लिहिलेला नाही, तो मी लिहिते आहे. उद्या उठल्यावर दोन्ही हात समोर सरळ धरा, बोटं पसरा आणि पंजांवर एक कोरा कागद ठेवा. कागद हलतोय का बघा. दुसरं कुणी नसताना करा, म्हणजे कुणाला काही सिद्ध करायची गरज पडणार नाही.

शेवटचा घोट रात्री अकराच्या आसपास, दाढीची वेळ सकाळी सातच्या. मधे आठ तास. रोज पिणाऱ्याच्या शरीरात दारू उतरू लागली की साधारण 6 ते 8 तासांनी त्रास सुरू होतो: हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, उगाच धास्ती, पहाटे मोडणारी झोप. दारू मेंदूला दाबून शांत ठेवते. मेंदूला काम तर करायचं असतं, म्हणून तो महिनोन् महिने उलट दिशेने जोर लावायला शिकतो, बाहेरून कुणीतरी दार ढकलत असावं आणि आतल्याने सगळं वजन टाकून ते अडवून धरावं तसं. बाहेरचा हात अचानक निघाला की आतला तोल सांभाळू शकत नाही. तुमच्याकडे हे रोज सकाळी थोडंथोडं होत असावं आणि रात्री नऊला पहिला पेग पोटात गेला की थांबत असावं. दुपारनंतरच्या चिडचिडीकडेही मी याच नजरेने पाहीन. ताण खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण ताण जर एका पेगने ठरल्या वेळी उतरत असेल, तर तो सगळा कामाचा नाही.

तुम्ही मला खोटं लिहिलेलं नाही. सकाळी घेत नाही, रजा पडत नाही, हे खरंच असेल. नाकारणं हे बहुतेक वेळा खोटं बोलण्यातून होत नाहीच. माणूस आयुष्याची मांडणी अशी बदलत नेतो की पुरावा समोर येणारच नाही. चहाचा कप अर्धाच भरायचा. सह्यांचे कागद दुपारवर ढकलायचे. चारचौघांत चमचा उचलायची वेळ आली की भूक नाही म्हणायचं. प्रत्येक बदलाला साधं, पटणारं कारण असतं आणि ते आधी स्वतःलाच पटतं. पण जी गोष्ट लक्षातच आलेली नाही, तिच्यासाठी कुणी रेझर बाजूला ठेवत नाही. तुम्हाला कळलं होतं. त्या दिवशी तुम्ही घाबरला होतात, असं मला वाटतं, आणि त्याबद्दल मला तुमचा राग येत नाही.

लिव्हरच्या रिपोर्टचा आधार घेऊ नका. त्या तपासण्या यकृताला किती इजा झाली ते सांगतात, मेंदू दारूवर किती टेकला आहे ते नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यांचेही आकडे नॉर्मल येऊ शकतात. पेग किती मिलीचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तुमच्या नेहमीच्या ग्लासात नेहमीच्या अंदाजाने पाणी ओता आणि औषधाच्या मापाने मोजा. 60 मिली समजून 80–90 ओतणारे पुष्कळ असतात. 40 टक्क्यांच्या 750 मिली बाटलीत सुमारे 237 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, संपली की दिवसांनी भागा. तो आकडा डॉक्टरांच्या कामाचा आहे, आणि माझा अंदाज आहे की तो तुमच्या ‘दोन, फार तर तीन’शी जुळणार नाही.

आता पैज. ती आजच रद्द करा.

शरीर दारूवर टेकलेलं असताना घरच्या घरी, एका झटक्यात, औषधाशिवाय बंद करणं जिवावर बेतू शकतं. फिट येण्याचा धोका शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत असतो. त्याहून घातक अवस्था, ज्यात माणूस भ्रमिष्ट होतो, नसलेली माणसं किंवा किडे दिसतात, ताप आणि नाडी चढत जाते, ती बहुधा 48 ते 96 तासांत येते. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ‘बघा, जमलं की’ असं तुम्ही म्हणत असताना. सगळ्यांना हे होत नाही. कुणाला होईल ते घरात बसून ठरवता येत नाही. आणि पंधरा दिवस पार पडले तरी सिद्ध काय होणार? व्यसन जडलेली कितीतरी माणसं महिना महिना थांबून दाखवतात. सोळाव्या दिवशी तुम्ही किती ओतता, ते कळायला हवं, आणि त्यावर तुम्ही पैज लावलेली नाही.

एक तारखेच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, नाहीतर जवळच्या फिजिशियनकडे. सकाळची वेळ घ्या, थरथर लपवायला काहीही न घेता जा. रोज किती, किती वर्षं, शेवटचा पेग कधी, पूर्वी बंद केल्यावर काय झालं, कधी फिट आली का, बीपीची, झोपेची किंवा इतर कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या, कारण समोर बसल्यावर जीभ आकडा निम्मा करते. थायरॉइडमुळे, दम्याच्या काही औषधांमुळेही हात थरथरतात. तेही तेच तपासतील. त्रास दारूचाच निघाला तर साधारण आठवडाभर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध रोज कमी करत देतात, सोबत थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व. पूर्वी फिट आली असेल किंवा दुसरा मोठा आजार असेल तर दाखल करून घेतात, नाहीतर घरी कुणी लक्ष ठेवणारं असल्यास घरीही होतं. या गोळ्या दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. दारूबरोबर त्या श्वास मंदावतात. पुन्हा ओढ लागू नये म्हणून नंतर द्यायची वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टरच ठरवतील.

बायकोला एवढंच सांगा की पैज नाही, मी डॉक्टरांकडे जातोय, तू बरोबर चल. आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत तिने रागाच्या भरात बाटल्या मोरीत ओतू नयेत, तुम्हीही तोवर एकदम थांबू नका. दरम्यान कधी दारू चुकली आणि फिट आली, असंबद्ध बोलणं सुरू झालं किंवा नसलेलं दिसू लागलं, तर सकाळची वाट न पाहता, अपॉइंटमेंटचा विचार न करता, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्यायचं, आणि दारात पाऊल टाकतानाच तिथल्या डॉक्टरांना सांगायचं की हे रोज पितात आणि शेवटचं अमुक वाजता घेतलं होतं. हे वाक्य तिला आजच पाठ करून द्या.