अन्न पुन्हा उकळून खाल्लं तरी पोट कसं बिघडतं?

उकळल्यावर जिवाणू मरतात हे खरं, पण त्यांनी आधीच अन्नात सोडलेलं विष नाहीसं होईलच असं नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं विष उकळूनही टिकतं. म्हणून खाल्ल्यावर अर्ध्या ते 8 तासांत उलट्या सुरू होतात. जिवाणूंना पोटात वाढावंच लागत नाही, त्यामुळे सगळं झटपट. ताप सहसा नसतो.

उकळण्यातून सुटून जिवंतच पोटात जाणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूची तऱ्हा वेगळी, आणि माझ्या मते जास्त चलाखीची. जठरातल्या आम्लातून वाचलेले जिवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि सुईसारख्या सूक्ष्म नळीतून स्वतःची प्रथिनं पेशीत टोचतात. त्याबरोबर पेशीचा पृष्ठभाग उचंबळतो आणि पेशी आपणहून जिवाणूला आत ओढून घेते! मग सूज, ताप, कळा, जुलाब. याला 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे दोष बऱ्याचदा भलत्याच जेवणाला दिला जातो.

ई. कोलाय या जिवाणूच्या काही जाती पेशीत शिरत नाहीत. त्यांच्या विषामुळे पेशी क्षार बाहेर टाकत सुटतात, त्यामागून पाणी जातं. साखरेसोबत मीठ शोषून घेण्याची वाट मात्र शाबूत असते, ओआरएस लागू पडतं ते त्यामुळेच.

शौचातून रक्त पडत असेल तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, थेट डॉक्टर गाठा. ई. कोलायची ओ157 ही जात असेल तर त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो.