खेळ एकाच्याच हाती द्यावा का?

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचे निम्मे गुण एकटाच मुलगा करतो. संघ त्याच्याभोवतीच बांधावा का?

उत्तर: बांधा, पण प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच जायला नको. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या शिकागो बुल्सचा मायकेल जॉर्डन १९८६-८७ मध्ये सामन्यामागे सरासरी ३७.१ गुण करत होता, तरी संघ ४० जिंकून ४२ हरला. १९९०-९१ मध्ये, सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर यांच्या त्रिकोणी आक्रमणात (तीन खेळाडू त्रिकोणात उभे राहून चेंडू फिरवतात), त्याची सरासरी ३१.५ वर आली आणि संघ ६१ सामने जिंकून विजेता ठरला. अंतिम फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्याचा सहकारी जॉन पॅक्सनने २० गुण केले. जॉर्डनवर दोघे बचावपटू धावून गेले की पॅक्सन मोकळा सुटायचा.

सराव नेमका याचाच घ्या. दोन बचावपटू मुलाच्या अंगावर सोडा. बाकी चौघे एकमेकांपासून १५ ते १८ फुटांवर हवेत. जवळ आले तर एकच बचावपटू दोघांना सांभाळतो. दुसरा बचावपटू पोचण्याआधीच पास सुटला पाहिजे. ड्रिबल थांबवून मग शोधाशोध केली तर चेंडू गेलाच समजा. आणि बास्केटकडे चेंडू मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले शेवटचे पाच उरल्यावर चेंडू त्याच्या हाती कोंबू नका, तो वाईट फटकाच मारणार. चेंडू त्याला मिळेल तेव्हा किमान १४ सेकंद तरी शिल्लक हवेत.