पिशवीवरचा भाव, सासूबाईंची पोळी आणि पीआरवाल्यांचं रिटेनर

गेल्या अंकात म्हटलं होतं की पाळीव प्राण्यांच्या खर्चाबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि पत्रं अशी आलीत की संपादक म्हणाले पुढचे दोन अंक तुझेच. सगळी छापता येणार नाहीत, तीन निवडलीत. तिसरं जरा वेगळ्या वाटेचं आहे, पण ते पण शेवटी कुत्र्याच्या खाण्यावरच येतं.

प्रश्न : आमचा ब्रूनो, लॅब्रॅडॉर, चार वर्षांचा, ३० किलो, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे. १० किलोची बॅग तीन आठवडे पण पुरत नाही. वर सासूबाई पोळ्या घालतात, मुलं बिस्किटं देतात. तरी तो कायम भुकेला! स्वस्तातला ब्रँड घ्यावा का घरचंच शिजवावं? (डोंबिवलीहून एक ताई)

ताई, ब्रँड बदलायच्या आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. १० किलो २१ दिवसांत म्हणजे रोजचे जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम झाले, आणि ते पण पोळ्या-बिस्किटं सोडून. ३० किलोच्या, ऑपरेशन झालेल्या, फार न पळणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२५० ते १४५० कॅलरी पुरतात. बहुतेक ड्राय फूडमध्ये १०० ग्रॅमला ३२० ते ४०० कॅलरी असतात, म्हणजे मधला आकडा धरला तरी ३५० ते ४०० ग्रॅममध्ये काम भागतं, आणि यात दिवसभराचं सगळं आलं. एक मध्यम पोळी म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी, तीन पोळ्या झाल्या की ८०-९० ग्रॅम डॉग फूड आपोआप कमी व्हायला हवं, पण ते कुणी करत नाही, भांडं भरायचं ते भरतातच. नियम असा धरतात की वरचं खाणं एकूण कॅलरीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे सासूबाईंची एक पोळी पास, दुसरी नाही, आणि पोळीच्या दिवशी बिस्किट नाही. घरात कोण काय देतं ते फ्रिजवर कागद लावून आठवडाभर लिहा फक्त, भांडण न करता प्रश्न सुटेल (निदान अर्धा).

आणि तो "कायम भुकेला" असतो त्याचं फार मनावर घेऊ नका. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरमधल्या जवळजवळ चौथ्या हिश्शात एका जीनमध्ये बिघाड सापडला होता, त्यामुळे अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. तुमच्याकडे बघून जीव कासावीस होईल असा चेहरा करणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. हां, खाऊनपिऊन वजन उतरत असेल किंवा पाणी अचानक जास्त प्यायला लागला असेल तर मात्र डॉक्टर.

आता स्वस्त ब्रँडचं. किलोचा भाव बघून तुलना करू नका, कॅलरीचा भाव बघा. समजा एक बॅग २५० रुपये किलो आहे आणि तिच्यात १०० ग्रॅमला ३२० कॅलरी आहेत, दुसरी ३०० रुपये किलो आणि तिच्यात ४००. हजार कॅलरीला पहिलीचे ३१२ ग्रॅम लागतात म्हणजे ७८ रुपये, दुसरीचे २५० ग्रॅम म्हणजे ७५. महाग दिसणारी स्वस्त निघाली की नाही? बऱ्याच बॅगांवर कॅलरी छापलेलीच नसते, मग मागच्या बाजूचे टक्के घ्या : प्रोटीन गुणिले साडेतीन, फॅट गुणिले साडेआठ, आणि प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा, राख हे सगळं शंभरातून वजा करून जे उरतं ते कार्बोहायड्रेट, ते पण गुणिले साडेतीन, आणि तिन्हींची बेरीज. राख दिली नसेल तर ८ धरा. २२ टक्के प्रोटीन, १० फॅट, ५ फायबर, १० ओलावा असेल तर उत्तर येतं ३२० च्या आसपास. दहावीतल्या मुलाला बसवा हिशोबाला. ग्रेव्हीची पाकिटं मात्र या हिशोबात कधीच टिकत नाहीत, त्यात ७५-८० टक्के पाणी असतं, पाण्याला आपण डोंबिवलीत एवढे पैसे देत नाही.

बॅगेवर अजून एकच गोष्ट शोधा, "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" किंवा आफ्कोच्या (जनावरांच्या खाण्याचे निकष ठरवणारी अमेरिकेतली संस्था) निकषांनुसार असं काही लिहिलंय का, आणि ते अॅडल्टसाठी आहे का. "ग्रेन फ्री"साठी जादा पैसे अजिबात देऊ नका, बहुतेक कुत्र्यांना धान्याचं काही होत नाही, उलट २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (तिथलं अन्न-औषध प्रशासन) मटार-मसूर भरलेल्या ग्रेन फ्री खाण्याचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का याची तपासणी सुरू केली होती. पक्कं काही सिद्ध झालं नाही, पण मग जादा पैसे कशासाठी द्यायचे हा प्रश्न उरतोच.

मोठी बॅग स्वस्त पडते हे खरं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी बॅग महिना-सव्वा महिन्याच्या वर ठेवू नका, चरबी खवट होते, बुरशी धरते. ब्रूनोची बॅग त्याआधीच संपते, त्यामुळे त्याला मोठी चालेल, पण छोट्या पॉमेरिअनवाल्यांनी २० किलोच्या ऑफरला भुलू नये. आणि ती मूळ पिशवीसकट डब्यात ठेवायची, डब्यात ओतायची नाही, कारण जुन्या चुऱ्याचं तेल डब्याला राहतं आणि नवीन माल त्यानं लवकर खराब होतो.

घरचं शिजवणं : चिकन-भात-लाल भोपळा ऐकायला छान वाटतं आणि कधीमधी द्यायला उत्तमच, पण रोजचं पूर्ण जेवण म्हणून ते अपुरं आहे. २०१३ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लोकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या अशा २०० रेसिपी तपासल्या, १९० मध्ये काही ना काही आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यातल्या बऱ्याच तर प्राण्यांच्या डॉक्टरांनीच लिहिलेल्या होत्या! नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम तर हमखास कमी पडतं. म्हणून मधला मार्ग असा की बॅगेतलं खाणं हेच मुख्य ठेवा, वर थोडं उकडलेलं चिकन, अंडं नाहीतर भोपळा घाला आणि तेवढ्या कॅलरीचं डॉग फूड काढून घ्या. चिकनवाल्याकडे पाय आणि कलेजी स्वस्त मिळते, कलेजी थोडीच, रोज भांडंभर नको. आपलं फोडणीचं वरण, कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शुगर फ्रीमधलं झायलिटॉल हे काहीच नाही, आणि शिजवलेली हाडं तर मुळीच नाही, ती टोकदार फुटतात. जेवढं तुम्ही खाण्यावर वाचवाल त्याच्या दसपट एका रात्रीत इमर्जन्सीवाल्या दवाखान्यात जातं.

नवीन ब्रँड घ्यायचाच झाला तर ७ ते १० दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला, नाहीतर गॅलरी धुण्यात तुमचा रविवार जाईल.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. मांजराचं खाणं कुत्र्याच्या खाण्यापेक्षा महाग पडतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं ड्राय फूड आणि दही-भात यावर माऊ राहील का? (नाशिकरोडहून एक काका)

नाही राहणार काका. कुत्रं तडजोड करतं, मांजर करत नाही, ते पक्कं मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक कुत्र्याचं शरीर साधारणपणे स्वतः बनवतं, मांजराला तो खाण्यातूनच लागतो आणि तो मुख्यतः मांस-माशात असतो. नाही मिळाला तर दृष्टी जाते, हृदय मोठं होऊन निकामी होतं, १९८७ मध्ये हा संबंध नीट सिद्ध झाल्यावर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. कुत्र्याच्या खाण्यात तो मांजराच्या गरजेइतका असेलच असं नाही, प्रोटीन पण कमी पडतं. एखाद्या दिवशी माऊनं शेजारच्या भांड्यात तोंड घातलं तर काही बिघडत नाही, रोजचं नको.

तसंही चार किलोच्या मांजराला दिवसाला २४० कॅलरी म्हणजे ६०-६५ ग्रॅम ड्राय फूड पुष्कळ झालं, किलोची पिशवी पंधरा दिवस जाते. बहुतेक घरात वाया जातं ते वाटी कायम भरलेली ठेवल्यामुळे, वरचं खाल्लं की खालचं मऊ पडतं आणि महाराणी वास घेऊन निघून जातात. दोन-तीन वेळा मोजून द्या. दूध बंद केलंत तरी चालेल, मोठ्या मांजरांना बऱ्याचदा ते पचत नाही. आणि "उपाशी ठेवलं की खाईल" हा प्रयोग मांजरावर करायचा नाही, दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर, विशेषतः जाड मांजराचं, लिव्हर बिघडतं.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी कोल्हापुरात कुत्र्यांसाठी नाचणी-चिकन-भोपळ्याची बिस्किटं बनवतो. कोल्हापूर-पुण्यात चांगली जातात. आता मुंबईची एक पीआर फर्म (प्रसिद्धीचं काम बघणारी) मागे लागलीय, महिन्याला ७५ हजार रिटेनर (दरमहाची ठरलेली फी) अधिक जीएसटी, सहा महिन्यांचा करार, आणि "महिन्याला २० कव्हरेज गॅरंटी". घ्यावी का? फर्म निवडताना बघायचं काय?

ताई, आधी बेरीज. सहा महिन्यांचे साडेचार लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ लाख ३१ हजार. एवढ्याची बिस्किटं विकायला तुम्हाला किती भट्ट्या लावाव्या लागतील ते तुम्हीच सांगा.

मला खटकतोय तो "गॅरंटी" हा शब्द. जाहिरातीत जागा विकत मिळते म्हणून तिथे गॅरंटी असते, बातमीचं काय करायचं ते संपादक ठरवतो, पीआरवाला फक्त विषय नेऊन ठेवतो, ओळख असली तर फोन उचलला जातो इतकंच. त्यामुळे २० चा आकडा कुणी लिहून देत असेल तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की तुमची प्रेसनोट पैसे भरून कुठल्याकुठल्या वेबसाइट्सवर जशीच्या तशी टाकली जाणार, खाली बारीक अक्षरात "या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही", आणि ती वाचणार तुम्ही दोघी आणि तुमची आत्या. पेड न्यूजवर आपल्याकडे २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर केवढा गदारोळ झाला होता, प्रेस कौन्सिलनं २०१० मध्ये अहवाल पण काढला, धंद्यातली पेड न्यूज मात्र कुणाला दिसत नाही. तर त्यांना सरळ विचारा, या २० पैकी पैसे देऊन किती आणि न देता किती? इन्फ्लुएन्सर धरणार असाल तर पोस्टवर "जाहिरात" असं लिहिणार ना? ते २०२१ पासून अॅस्कीच्या (जाहिरातवाल्यांचीच नियम ठरवणारी संस्था) नियमात आहे.

मग कात्रणं मागा, पण लोगोंचं कोलाज नको, गेल्या सहा महिन्यांतल्या तुमच्याएवढ्या धंद्याच्या खऱ्या बातम्या, लिंकसकट. दोन जुन्या, सोडून गेलेल्या क्लायंटचे नंबर मागा, चालू क्लायंट गोडच बोलतो. मीटिंगला आलेले साहेब नंतर दिसत नाहीत आणि काम कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीच्या गळ्यात पडतं (तिची चूक नाही, तिच्याकडे असे आठ क्लायंट असतात), म्हणून आमचं काम रोज कोण बघणार, त्या व्यक्तीशी आजच बोलायचंय म्हणा. आणि मराठी प्रेसनोट कोण लिहितं? हे फार महत्त्वाचं. मुंबईच्या बऱ्याच फर्म इंग्रजीत लिहून मशीनमधून काढतात, आणि कोल्हापूरच्या उपसंपादकाकडे "आम्ही घोषणा करण्यास उत्साहित आहोत" असलं काहीतरी जाऊन पडतं, ते पहिल्या ओळीलाच कचऱ्यात. एक नमुना लिहून घ्या, दोनशे शब्दांचा, करार करायच्या आधी.

रिपोर्टमध्ये "तुम्हाला ४० लाखांची प्रसिद्धी मिळाली" असा आकडा दाखवतील, म्हणजे तेवढ्या जागेची जाहिरात केली असती तर किती पडलं असतं तो हिशोब. २०१० मध्ये बार्सिलोनात पीआरच्या धंद्यातल्याच लोकांनी एकत्र येऊन सांगितलं की ही मोजणी पीआरची किंमत ठरत नाही, तरी इकडे अजून चालूच आहे. तुम्ही मोजा ते वेगळं : बातमीनंतर किती फोन आले, पुण्यातल्या किती दुकानांनी माल मागवला.

माझं विचाराल तर तुम्हाला आत्ता सहा महिन्यांची फर्म नकोच आहे. तुमच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट काय ते आधी ठरवा, "आमची बिस्किटं पौष्टिक आहेत" ही बातमी नव्हे, कोल्हापुरातल्या बायका कुत्र्यांसाठी नाचणी भाजतायत ही आहे, ती स्थानिक पुरवणीत तुम्ही स्वतः फोन करून पण जाईल. त्यासाठी एखादी फ्रीलान्सर, जी आधी पत्रकार होती, प्रोजेक्टवर घ्या. आणि ७५ हजारांतले काही पैसे लॅब टेस्ट आणि लेबलवर घाला, बातमीदार आला की पहिला प्रश्न तोच विचारणार.

आणि फर्म घ्यायचीच झाली तर मीटिंगमध्ये एक प्रश्न टाका : उद्या कुणी फेसबुकवर लिहिलं की यांच्या बिस्किटानं आमचं कुत्रं आजारी पडलं, तर पहिल्या दोन तासांत काय कराल? २००७ मध्ये मेन्यू फूड्स या कॅनडातल्या कंपनीला चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमधल्या मेलामाइनमुळे सहा कोटी डबे-पाकिटं परत घ्यावी लागली होती, आणि वेगवेगळ्या नावांनी विकलं जाणारं खाणं एकाच कारखान्यातलं आहे हे लोकांना तेव्हा कळलं. असल्या वेळी पीआरवाला काय करतो ते ऐका. "निगेटिव्ह कमेंट्स डिलीट करू" म्हणाला तर चहा प्या आणि उठा. "बॅच नंबर काय, त्या बॅचचा माल कुठे कुठे गेलाय, डॉक्टरांचा रिपोर्ट आहे का" असं तुम्हालाच उलट विचारायला लागला तर तो कामाचा आहे, त्याच्याशी तीन महिन्यांचं बोला, एक महिन्याचा नोटीस पीरियड टाका, प्रवास-फोटोग्राफरचे पैसे रिटेनरमध्येच का वेगळे ते लिहून घ्या, आणि गॅरंटीची ओळ कापायला सांगा.

(बोका घरभर लघवीनं मार्किंग करतो त्याबद्दलची पत्रं पुढच्या अंकात.)